'टून' म्हणजे शहर नव्हे, वाडी

प्रश्न असा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आर्गाइल भागात ऑखिंड्रेन नावाची एक जुनी वस्ती आहे. तिच्यावरचा मजकूर एक ताई मराठीत आणत आहेत. मुळात त्या वस्तीला 'फर्मटून' म्हटलंय. 'टून' हा 'टाउन'चाच स्कॉट्स (स्कॉटलंडमधली इंग्रजीची बहीणभाषा) उच्चार, म्हणून कोश बघून त्यांनी 'शेतीनगर' लिहिलं. पण वस्ती मूठभर घरांची, गवताने शाकारलेली. 'नगर' खटकतं, मग काय लिहावं?

ताई, बेलाशक 'वाडी' लिहा. वस्ती लहान आहे एवढ्यासाठीच मी हे म्हणत नाही. या दोन शब्दांनी अर्थाची जवळजवळ एकच वाट चालली आहे.

'टून'चा मूळ अर्थ कुंपण, किंवा कुंपण घातलेली जागा. त्याचा जर्मन भाऊबंद 'त्साउन' म्हणजे आजही कुंपणच. डच भाषेत त्याच मुळातून आलेल्या शब्दाचा अर्थ बाग. स्कॉट्समध्ये तो शेतकऱ्यांच्या घरांच्या पुंजक्यावर थांबला आणि इंग्रजीत फुगून शहर झाला. आता आपल्याकडे बघा. 'वाडी'च्या मागे संस्कृत 'वाट' आहे, म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. मोल्सवर्थच्या कोशात 'वाडी'चा अर्थ आधी कुंपण घातलेली जमीन असा येतो, मग शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका. कोकणात नारळी-पोफळीची बाग ती वाडी, आणि मुंबईत गिरगावातली खोताची वाडी म्हणजे भर शहरातली वस्ती. कुंपण, बाग, घरांचा पुंजका, शहराचा तुकडा, असे चारही टप्पे दोन्हीकडे सापडतात. हे शब्द एका रक्ताचे नाहीत, पण माणूस आधी कुंपण घालतो, मग आत राहतो, हे दोन्ही भाषांनी सारखंच नोंदवून ठेवलं आहे.

वाड्यांची नावं बघितली तर आणखी गंमत वाटते. स्कॉटलंडच्या नकाशावर जागोजागी 'कर्कटन' आणि 'मिल्टन' दिसतात. 'कर्क' म्हणजे चर्च, म्हणून कर्कटन ही सरळ आपली देऊळवाडी. मिल्टन म्हणजे पाणचक्कीची वाडी. त्याच नावाच्या दोन वस्त्या असल्या की एक 'ओव्हर', दुसरी 'नेदर': वरची वाडी, खालची वाडी. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. पत्ता सांगताना आधी गाव, मग वाडी, मग वरची की खालची, हे आमच्या जिभेवर बसलेलं असतं. त्यामुळे तो नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ त्यावरच रेंगाळलो होतो. डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेत वाडीला 'बाले' म्हणतात. नकाशातली 'बॅल'ने सुरू होणारी पुष्कळ गावं त्यातूनच आली आहेत. आणि शहराला गेलिकमध्ये म्हणतात 'बाले मोर', शब्दशः मोठी वाडी! ऑखिंड्रेन नावाचा गेलिक अर्थही सांगून टाकतो: ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांचं शेत. आपल्याकडे असतं तर बोरीचा माळ म्हटलं असतं.

पण 'वाडी' लिहिताना एक काळजी घ्यावी लागेल. आपली वाडी कुठल्या तरी गावाची असते. मूळ गावठाण आधी, वाड्या त्याच्या अंगाखांद्यावर. स्कॉटलंडमध्ये तसं नव्हतं. तिथे टून हीच मूळ वस्ती होती. अनेक टून मिळून एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, होई आणि चर्च कित्येकदा काही मैल दूर असे. सरळ रस्ता, मधे चौक, दोन्ही बाजूंना ओळीने घरं असलेलं 'स्कॉटिश खेडं' चित्रात दिसतं ते बहुतेक वेळा नंतरचं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी आखून बसवलेलं. उलापूल हे बंदर १७८८ साली मासेमारीसाठी असंच वसवलं गेलं. म्हणून मजकुरात 'व्हिलेज' आणि 'टून' दोन्ही येत असतील तर पहिल्याला 'गाव' म्हणा, दुसऱ्याला 'वाडी', आणि 'गावाची वाडी' असं मात्र कुठेही लिहू नका.

आता वाडीच्या आतले शब्द. 'रनरिग' या शब्दावर बरेच जण अडतात. 'रिग' म्हणजे मातीचा रुंद वरंबा, काही मीटर रुंदीचा. पाणी दोन वरंब्यांमधल्या सरीतून वाहून जाई. जमीन जमीनदाराची, खंड सगळ्यांनी मिळून भरायचा, आणि वरंबे ठरावीक काळाने चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायचे, म्हणजे चांगली जमीन एकाच घराकडे राहत नसे. 'सामाईक वरंबे' असं लिहून एकदा ही पद्धत समजावून सांगा, पुढे अडचण येणार नाही. ऑखिंड्रेन ही अशा सामाईक कुळांच्या वाडीची आजवर उभी राहिलेली दुर्मीळ खूण आहे. १८७५ मध्ये जवळच्या इनव्हररीला मुक्कामाला असताना व्हिक्टोरिया राणी ती बघून गेली होती. आज तिथे संग्रहालय आहे.

घर लांबट, एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. गुरांचं टोक उताराकडे, म्हणजे मूत बाहेर वाहून जाई. त्या भागाला 'बायर' म्हणतात. त्याला निःसंकोच 'गोठा' म्हणा. ओट किंवा बार्लीच्या पिठाचं 'बॅनक' लोखंडी तव्यावर भाजत, ती सरळ 'भाकरी'. फक्त चुलीत लाकूड लिहू नका. तिथे पीट जाळत, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली कुजक्या वनस्पतींची काळी माती. तिला मराठी शब्द नाही, 'पीट'च ठेवा. हेब्रिडीज बेटांवर तर धुराने काजळलेलं छपराचं जुनं गवत काढून शेतात खत म्हणून टाकत.

'टॅक्समन'ला तळटीप द्याच. टॅक म्हणजे भाडेपट्टा. सरदाराकडून मोठी जमीन पट्ट्याने घेऊन ती खाली कुळांना लावणारा हा माणूस, बहुधा सरदाराच्याच नात्यातला. कोकणातल्या वाचकाला 'खोतासारखा' एवढं म्हटलं की उमगेल. पण 'खोत' असं थेट भाषांतर नको, कारण आपला खोत सरकारचा सारा वसूल करणारा.

'क्रॉफ्ट'ला पुष्कळदा 'झोपडी' म्हणतात, ते चूक आहे. क्रॉफ्ट म्हणजे घर नव्हे, जमिनीचा तुकडा. मेंढ्यांच्या कुरणांसाठी लोकांना वाड्यांमधून हुसकलं गेलं, तेव्हा अनेकांना समुद्रकाठी असे तुकडे मिळाले. ते कसणारा 'क्रॉफ्टर', म्हणजे आपलं 'कूळ'. १८८६ च्या कायद्याने त्याला हुसकण्यापासून संरक्षण मिळालं, मालकी मात्र नाही. तेव्हा आपल्या कूळकायद्याची आठवण आली तरी 'कसेल त्याची जमीन' तिथे वापरू नका. आणि 'क्लॅन'लाही, म्हणजे एका सरदाराला मानणाऱ्या भाऊबंदकीलाही, आपण कूळच म्हणतो! गेलिकमध्ये 'क्लॅन'चा मूळ अर्थ मुलंबाळं, आणि सरदाराची ही मुलंबाळंच त्याची जमीन कसत. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्याने घोटाळा होईल, म्हणून क्लॅनसाठी 'घराणं' घ्या.

तुमचं पहिलं वाक्य मग मी असं करीन: 'ऑखिंड्रेन ही शेतकऱ्यांची वाडी. जमीन जमीनदाराची, खंड सगळ्यांचा मिळून, आणि वरंबे चिठ्ठ्या टाकून वाटलेले.'