‘आई आहे ना, मग बसत नाही’

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यात माहेरी राहते. मिस्टर दोन वर्षांपूर्वी सोलापूरला दवाखान्यात वारले. मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत. ब्लाउज आणि फॉल-पिको करून महिन्याला पाचेक हजार सुटतात. मुलांसाठी दरमहा पैसे देणाऱ्या सरकारच्या बालसंगोपन योजनेची चौकशी केली तर एकजण म्हणाला, ‘ती योजना अनाथांची. आई आहे ना, मग बसत नाही.’ दुसरा म्हणतो, दोघांच्या फायली करून देतो, तीन हजार द्या. मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड सासरी अडकलंय, ते देत नाहीत. चार हजारांची म्हणतात ती योजना वेगळी का? मी काय करू?

उत्तर : ताई, आधी तीन हजारांचं बोलू. देऊ नका. अर्जाला फी नाही. झेरॉक्स, फोटो आणि एसटीचं तिकीट, एवढाच तुमचा खर्च.

आता ‘आई आहे ना’ हे. मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून या कामात होते, आणि हे वाक्य ऐकून किती बाया दारातून परत गेल्या असतील, कोण जाणे. आपल्या राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ मुलं आहेतच, पण एक पालक गेलेली मुलंही आहेत. आईवडिलांचा घटस्फोट झालेली, बापानं टाकून दिलेली, पालकाला दुर्धर आजार असलेली, पालक तुरुंगात असलेली मुलंही त्यात येतात. वय अठराच्या आत हवं. हेतू असा की, पैशापायी मूल बालगृहात जाऊ नये, घरातच वाढावं. म्हणजे आई असणं ही अडचण नाही, उलट तिच्याजवळ मूल राहावं म्हणूनच पैसे आहेत. २०२३ पासून ही रक्कम एका मुलामागे महिना २,२५० रुपये आहे.

आणि ‘बसत नाही’ असं तोंडी सांगणाऱ्याला तो अधिकारच नाही. मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती काढते. बाल न्याय कायद्याखालची ही समिती, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. अर्ज सोलापूरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. दोन मुलं, दोन अर्ज. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोच हातात असली की पुढच्या खेपेला बोलणंच बदलतं.

दाखल्यासाठी सासरच्यांच्या पाया पडायची गरज नाही. मृत्यूची नोंद जिथे माणूस वारला तिथे होते, त्याच्या गावी नाही. तुमचे मिस्टर सोलापूर शहरात वारले असतील तर दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मिळेल. पत्नी म्हणून तुम्ही स्वतः नवी प्रत मागू शकता. दवाखान्याचं नाव आणि तारीख नीट लिहून न्या, नोंद शोधायला तेच लागतं. दोन-चार प्रती एकदमच घ्या.

रेशनकार्डाचं काम मात्र वेळखाऊ. सासरच्या कार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करून इकडे लावायचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत करा आणि त्याची पोच फायलीला लावा. कार्ड येईपर्यंत बाकीचं थांबवू नका. उत्पन्नाचा दाखला सेतूत अर्ज करून तहसीलदारांचा घ्यायचा. तिथे एक जपा : तलाठ्याकडे तुमचं स्वतःचं उत्पन्न सांगा. सासऱ्यांची ऊस-जमीन किंवा भावाचा पगार त्यात शिरला की आकडा फुगतो आणि मग दुरुस्तीला हेलपाटे. याशिवाय तिघांची आधारकार्डं, मुलांचे जन्मदाखले, शाळेची बोनाफाईड, बँकेचं पासबुक. आणि घराच्या दारात मुलांसोबत उभं राहून काढलेला फोटो. हा फोटो बऱ्याच जणी विसरतात.

मग कुणीतरी घरी येईल, त्याला गृहचौकशी म्हणतात. त्याची धास्ती घेऊ नका. एका घरी मी गेले तर टीव्हीवर चादर टाकलेली आणि चादरीखालून चक्क चालू मालिकेचा आवाज येत होता! पाहायचं असतं ते एवढंच की मूल खरंच इथे राहतं का, शाळेत जातं का, त्याचं करतं कोण. शिलाई मशीन झाकू नका, त्यावरच तुमचं घर चालतं हे लिहिलं जाऊ दे. मुलांना समितीपुढे न्यावं लागेल, तेव्हा शाळा बुडेल ही तयारी ठेवा.

चार हजारांची योजना वेगळी आहे. ती केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, एका मुलामागे महिना ४,००० रुपये. तिला उत्पन्नाची अट पक्की आहे : कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत. तुमचे पाच हजार धरले तर साठ हजार होतात, म्हणजे विधवा आईची मुलं म्हणून तुमची मुलं यातही बसतात. एकाच मुलाला दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. कक्ष तोच आहे, तेव्हा ‘प्रायोजकत्वासाठी माझा विचार व्हावा’ हे अर्जात लिहूनच द्या. तिथे निधी पाहून मुलं घेतात. नंबर लागला नाही तर बालसंगोपन आहेच.

मंजुरी आली तरी दर महिन्याच्या एक तारखेला पैसे येतील असं धरून चालू नका. कधी काही महिन्यांचे एकदम येतात, मध्ये कोरडंच. या पैशांच्या भरवशावर बचत गटाचा हप्ता बांधून घेऊ नका, एवढं माझं ऐका.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला कॅन्सर आहे, काम सुटलंय. बाप जिवंत असताना मुलाला काही मिळेल का? – नाशिकमधून एक वाचक

उत्तर : मिळू शकतं. पालकाचा दुर्धर आजार दोन्ही योजनांच्या निकषांत आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या जागी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लावायचं, त्यावर आजाराचं नाव स्पष्ट हवं. केमोची बिलं लावून भागत नाही. तुम्ही शहरात राहता, तेव्हा प्रायोजकत्वासाठी ९६,००० ची मर्यादा पाहा. त्यांचा पगार बंद झाला असेल तर उत्पन्नाचा जुना दाखला देऊ नका, नवा काढा. रुग्णालयातून निघणं होत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, आणि तुमच्या जिल्ह्याच्या कक्षाशी गाठ घालून देतात.