किरणोत्सर्गाने डीएनए तुटल्यावर पेशी विभाजन कसे रोखते?

क्ष-किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की पेशी आधी विभाजन थांबवते. मानवी पेशीत एटीएम हे प्रथिन तुटीची वर्दी देते, एरवी लगेच नष्ट होणारे पी५३ हे प्रथिन त्यामुळे साठत जाते आणि पी२१ या दुसऱ्या प्रथिनामार्फत पेशीचक्र, म्हणजे पेशीच्या वाढ-विभाजनाचा क्रम, रोखते. आधी थांबण्याचे महत्त्व दाखवणारा सर्वांत सुंदर पुरावा मला यीस्ट या एकपेशीय बुरशीमध्ये दिसतो. १९८८ मध्ये टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल या शास्त्रज्ञांनी दाखवले, की आरएडी९ जनुक निकामी असलेल्या यीस्टच्या पेशी क्ष-किरणांनंतरही न थांबता विभागत राहतात आणि मरतात. मात्र औषधाने त्यांचे विभाजन काही काळ मुद्दाम रोखून धरले, तर त्यांतल्या बऱ्याच वाचतात. म्हणजे डीएनए दुरुस्तीची यंत्रणा त्यांच्यात शाबूतच असते; उणीव असते ती थांबण्याची. या यंत्रणेत यीस्ट मुख्यतः त्याच डीएनएची शेजारची अखंड प्रत नमुना म्हणून वापरते.