थोरल्याने शेत नाकारलं

चि. … यास अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकरणं वाचली. पोळा, जत्रा, मळणी, सगळं आलंय. माणूस मात्र पाहुण्यासारखा चहा घेऊन निघून जातो. आणि वर विचारतोस, “शेती सोडून आलेल्याने कुठल्या तोंडाने शेतीवर लिहायचं?”

तार्येई वेसोस वाच. 1897 मध्ये नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात, विन्ये इथे जन्मला. तीन भावांत थोरला, आणि घरचं शेत थोरल्यानेच पुढे चालवायचं ही तिथली रीत. त्याने नाही म्हटलं. त्याची बोच त्याला पुढे बराच काळ होती. पण म्हणून तो शहरात पळाला नाही. 1934 मध्ये कवयित्री हाल्डिस मोरेनशी लग्न केलं आणि विन्येतच, मिट्ब्यो नावाच्या शेतावर संसार थाटला. त्याच वर्षी त्याची एक कादंबरी आली. तिच्यात बाप लहानग्या पेरला सांगतो, तू जन्मभर याच शेतावर राहायचंस; आणि पोरगा राहतो. आपण नाकारलेली वाट त्याने पात्राला चालायला लावली! तुझी बोच अशी कामाला लाव. माफीनामे नकोत.

त्याने लिहिलं नीनोर्स्कमध्ये. नॉर्वेजियनचं हे लेखी रूप गावाकडच्या बोलींवरून घडवलेलं, नॉर्वेतही थोड्यांचंच. तेव्हा तुझ्या बोलीचं अवघड वाटून घेऊ नकोस.

आता ‘द बर्ड्‌स’. मूळ नॉर्वेजियन कादंबरी 1957 ची. मात्तिस हा साधाभोळा, गाव ज्याला अर्धवट म्हणतं असा माणूस. बहीण हेगे स्वेटर विणून दोघांचं पोट भरते. एकदा त्याला सलगमच्या विरळणीचं काम मिळतं. शेजारच्या ओळींत एक तरणं जोडपं झपाझप पुढे सरकतंय. मात्तिसच्या डोक्यात विचार सुरू झाले की बोटं अडखळतात आणि तो मागे पडत जातो. वेसोस सलगमचं वर्णन करत बसत नाही, मात्तिसची कीवही करत नाही. तरी शेत दिसतं, उन्हाचा चटका बसतो, लाज तर वाचणाऱ्यालाच वाटते. पुढे चिखलात एका रानपक्ष्याच्या पायांचे ठसे आणि चोचीची टोचणी दिसते, तर मात्तिस ती पत्रासारखी वाचतो आणि काडीने उत्तर लिहितो. गाव ज्याला वेडा म्हणतं त्याच्याच नजरेतून गाव दाखवायला छाती लागते. माझ्या मते, जास्त गाजलेल्या ‘द आइस पॅलेस’पेक्षा ही कादंबरी उजवी आहे.

त्या ‘आइस पॅलेस’ला 1964 मध्ये नॉर्वे-स्वीडनसारख्या उत्तरेकडच्या देशांच्या नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला. ते पैसे वेसोसने नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी पुरस्कार सुरू करायला दिले. तो आजही दिला जातो.

जत्रेचं प्रकरण सध्या बाजूला ठेव. तू एका ओळीत उरकलेला तो सालगडी, ज्याला मजुरी मोजता येत नाही, त्याचा एक पूर्ण दिवस लिही. आठ-दहा पानं पुरेत. दिवाळीच्या आत पाठव, म्हणजे सुट्टीत सावकाश वाचीन.

तुझा,
काका