पऱ्हाटीचं पेलेट मशीन घ्यावं का?

प्रश्न : आमच्या गटाची 60 एकर कपाशी आहे. वेचण्या संपल्या की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवतो. मशीनवाला म्हणतो ताशी 500 किलोचं पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या) मशीन घ्या, तुराट्या, जंगलातला पालापाचोळा, सगळं चालतं. घ्यावं का? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी हिशोब करू. एकरी साधारण टन-सव्वा टन पऱ्हाटी धरली तर 60 एकरात 60 ते 75 टन, आणि मशीन दिवसाला आठ तास चाललं तर 4 टन खाणार, म्हणजे तुमचा सगळा माल 15-19 दिवसांत खल्लास, मग वर्षभर मशीनवर धूळ अन् बँकेचे हप्ते चालूच! हे मशीनवाला सांगणार नाही.

दुसरं म्हणजे ओल. पेलेटला वेगळा डिंक लागत नाही, लाकडातला लिग्निन नावाचा चिकट घटकच दाबाने अन् उष्णतेने मऊ होऊन भुसा धरून ठेवतो, पण त्यासाठी ओल 10-12 टक्क्यांच्या आसपास पाहिजे. 30 टक्के ओल असलेला एक टन भुसा 10 टक्क्यांवर आणायचा तर 220 किलोच्या वर पाणी उडवावं लागतं, उन्हात जमलं तर ठीक, ड्रायर लावला तर खर्च बघा. तयार पेलेट पण पावसात भिजली की परत भुसाच, शेड पाहिजेच.

तुराट्या चालतात (घरच्या चुलीपुरत्या ठेवून). पालापाचोळ्याचं मात्र डोक्यातून काढा. वनखात्याची परवानगी तर लागतेच, शिवाय त्यासोबत माती येते, राख वाढते, बॉयलरमध्ये खडे धरतात आणि मशीनची डाय (भुसा दाबायची भोकाची चकती) घासते ती वेगळीच.

गिऱ्हाईक नाही असं नाही. केंद्राच्या 2021 च्या धोरणाने कोळशाच्या वीज केंद्रांना 5 टक्के बायोमास (शेतातल्या काडीकचऱ्याचं जळण) कोळशासोबत जाळणं ठरवून दिलं, पण त्यांना माल सलग आणि एकाच दर्जाचा लागतो, 75 टनवाल्याला तिथे कोण विचारतो.

माझं ऐकाल तर यंदा नुसतं ट्रॅक्टरवरचं श्रेडर भाड्याने आणा, जानेवारी-फेब्रुवारीतच पऱ्हाटी बारीक करा आणि जवळच्या ब्रिकेटवाल्याला (जळणाच्या मोठ्या विटा-कांड्या करणाऱ्याला) कुट्टी विका, टनाचा भाव आणि ओलीची कपात आधी कागदावर घ्या. पऱ्हाटी जूनपर्यंत ढीग लावून ठेवली तर गुलाबी बोंडअळी त्यातच दबा धरून बसते, ते पण टळेल. आजूबाजूची चार-पाच गावं जोडली गेली की मग मशीनवाल्याला चहाला बोलवा.