वर्गात वेगळे बसवण्याविरुद्ध कायदा काय सांगतो

ताई, नाशिकमधील सातपूरच्या शाळेत वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्या आपल्या तिसरीतल्या मुलाला आणि त्याच्यासारख्या इतरांना मागच्या स्वतंत्र रांगेत बसवले जाते, स्नेहसंमेलनातूनही वगळले जाते, असे आपण लिहिले आहे आणि प्रवेशानंतरच्या अशा वागणुकीविरुद्ध काही कायदा आहे का, असे विचारले आहे. कायदा निश्चितपणे आहे. सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू होईल असा एकच कायदा मात्र आपल्याकडे नसल्याने, कोणती कृती कोणत्या तरतुदीत बसते हे आपणच नेमके दाखवावे लागते.

भेदभावाला मनाई करणारे संविधानाचे कलम 15 मुख्यतः राज्यसंस्थेला, म्हणजे शासनाला बांधते. खासगी शाळेपर्यंत हा हक्क पोहोचतो तो शिक्षणहक्क कायदा, 2009 मधून. त्याच्या कलम 8 आणि 9 नुसार वंचित व दुर्बल घटकांतील बालकाशी भेदभाव होऊ नये, त्याच्या शिक्षणात अडथळा येऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी अनुक्रमे शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. राखीव जागांवरील मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे ठेवू नये, हे तर केंद्राने 2010 मध्ये केलेल्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. या जागा म्हणजे शाळेची मेहेरबानी नव्हे, कारण कलम 12 नुसार शासन त्यांची प्रतिपूर्ती, म्हणजे खर्चाची भरपाई देते. ती थकली असेल तर तो संस्था आणि शासन यांच्यातला प्रश्न आहे, त्याची झळ मुलाला लागता कामा नये.

मी पंचवटीतील एका पालकांना अशाच प्रकरणात मदत केली होती. त्यांच्या पहिल्या अर्जात संताप पुष्कळ होता, पण 'शाळा भेदभाव करते' या वाक्यापलीकडे तपशील नव्हता, आणि त्याची दखल कोणी घेतली नाही. दुसऱ्या अर्जात आम्ही तारीख, वर्ग, कोणाला कुठे बसवले, कोण काय बोलले आणि त्या वेळी कोण हजर होते एवढेच लिहिले, तेव्हा सुनावणी लागली. म्हणून आपण आजपासूनच एका वहीत नोंदी ठेवा. मुलाला रोज खोदून खोदून विचारू नका. तो आपणहून सांगेल तेवढेच त्याच दिवशी लिहा, कारण घरी उलटतपासणी सुरू झाली की मूल गप्प होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अर्ज मुख्याध्यापकांना द्याच, परंतु कलम 32 नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महानगरपालिकेकडे करा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांना बंधनकारक आहे. तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. जातीवरून अपमान झाला असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि अपंगत्वावरून डावलले असेल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा यांचे मार्ग वेगळे आहेत, ते या अर्जात मिसळू नका.

थोडे विषयांतर होईल, पण सांगतो. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येणाऱ्या मजुरांच्या मुलांना कागदपत्रांअभावी परत पाठवले जाते, तेही बेकायदेशीरच आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम 14 सांगते.

या कायद्याची एक उणीव मला नेहमी खुपते. प्रवेश देताना मुलांची चाळणी परीक्षा घेतल्यास कलम 13 मध्ये दंडाची रक्कम ठरवलेली आहे, वर्गातील भेदभावासाठी मात्र तसा दंड नाही. त्यामुळे 'शाळेवर कारवाई करा' एवढेच मागून थांबू नका. मुलांची आसने सर्वांमध्ये मिसळावीत, येत्या स्नेहसंमेलनात त्यांना सहभागी करून घ्यावे आणि या आदेशाचे पालन झाल्याचा अहवाल ठरावीक तारखेपर्यंत मागवावा, असे तीन आदेश अर्जाच्या शेवटी वेगवेगळे मागा.