‘मॅडम, तुम्ही माझं इंग्रजी ऐकलंच नाही अजून’

आमच्या समुपदेशन केंद्रात पहिल्या भेटीला एक साधा कागद भरून घेतात. नाव, वय, शिक्षण आणि खाली एक ओळ : कशासाठी आलात? बहुतेक जण तिथे ‘टेन्शन’ नाहीतर ‘करिअर’ एवढंच लिहून मोकळे होतात. अश्विनीनं त्या ओळीवर आधी एक इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. पुन्हा लिहिलं, त्यातल्या ‘टीच’चं ‘टीचिंग’ केलं, मग सगळ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं, ‘सुट्टीत परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं आहे. जमेल का मला?’ (नाव आणि ओळखीच्या काही खुणा बदलल्या आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

एस.वाय.बी.ए., इंग्रजी स्पेशल. लातूर जिल्ह्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडील एसटीत कंडक्टर. हा प्रश्न माझ्याकडे दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. पूर्वी कॉन्व्हेंटमधली मुलं यायची आणि त्यांचा प्रश्न ‘कुठला देश?’ असा असायचा. आता मराठी माध्यमातली मुलंही येतात, आणि ती विचारतात, ‘मी काय इंग्रजी शिकवणार?’

मी तिला लगेच धीर द्यायला गेले. “अगं, इंग्रजी स्पेशल घेतलंयस, चांगलंच असणार की!”

“मॅडम, तुम्ही माझं इंग्रजी ऐकलंच नाही अजून.”

बरोबर होतं तिचं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून माझी ही खोड गेलेली नाही. समोरच्याची काळजी नीट ऐकायच्या आधीच ती पुसायला निघायचं. मी गप्प बसले आणि तिला बोलू दिलं. उच्चार बरोबरच पाहिजेत. फळ्यावर चूक होताच कामा नये. पोरं हसणारच. तिथल्या शिक्षकांना कळणारच की ही खेड्यातली.

माणसाला घटनेपेक्षा ‘असं झालंच पाहिजे’ हा स्वतःचा हट्ट जास्त छळतो, असं मानणाऱ्या विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली केली आणि मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. मराठीत हा हट्ट शोधायचं काम जरा सोपं जातं असं मला कायम वाटतं, कारण माणसाचा सगळा हट्ट आपल्या भाषेत एका अक्षरात बसतो : ‘च’. अश्विनीची वाक्यं कागदावर उतरवून तिलाच लाल पेननं ‘च’भोवती गोल करायला सांगितलं. अकरा निघाले. ती हसली. पण कागदावर गोल केलेला ‘च’ वर्गात उभं राहिल्यावर परत येतो, हेही मला ठाऊक होतं.

मग तिनं मोबाइलवर ती जाहिरात दाखवली. थायलंडमध्ये सहा आठवडे इंग्रजी शिकवा, थोडा स्टायपेंड, नोंदणी 45 हजार रुपये. व्हिसाबद्दल एकच ओळ : ‘टुरिस्ट म्हणून या, बाकीचं आम्ही बघतो.’ आणि गंमत पाहा, या ओळीची तिला अजिबात भीती वाटली नव्हती. सगळी भीती उच्चारांवर खर्च झालेली. चिंता राखण करत होती, पण भलत्याच दाराची.

मी व्हिसाची तज्ज्ञ नाही, पण एवढं वर्षानुवर्षं बघून कळलंय. 2024 च्या त्या उन्हाळ्यात भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय 30 दिवस राहता येत होतं, पण फिरण्यासाठी. शाळेत नोकरी म्हणून शिकवायचं तर वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, आणि त्यासाठी हातात पदवी हवी. व्हिएतनामचं वर्क परमिटही पदवी मागतं. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा ई-2 व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे.

“म्हणजे माझ्या उच्चारांचा संबंधच नाही?”

“पासपोर्टचा आहे. आणि डिग्रीचा.”

ती खुर्चीत मागे टेकली. दोन महिने ती स्वतःला ज्या कारणासाठी नापास करत होती, ते कारण तिथे कुणी विचारतच नव्हतं.

अशा जाहिरातींबद्दल मी मुलांना घाबरवत नाही, पण एक गोष्ट सांगतेच. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना द्यावी लागली होती. थायलंडमध्ये आयटीची नोकरी आहे असं सांगून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं जात होतं आणि तिथे त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. अश्विनीची जाहिरात तसलीच होती असं मी म्हणत नाही. पण परदेशी नोकरी लावून देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. तिनं बघितलं. त्यांचं नाव नव्हतं. 45 हजार वाचले. वडिलांनी ते सोसायटीतून काढायची तयारी ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

नेपाळचं तिच्या कॉलेजातल्या एका सरांनी सुचवलं. पाल्पा जिल्ह्यात तानसेनजवळच्या एका सामुदायिक, म्हणजे सरकारी शाळेतले हेडसर त्यांच्या ओळखीचे. भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. शाळेचं वर्ष बैशाखात सुरू होतं, त्यामुळे आपल्याकडची मुलं आंबे खात असतात तेव्हा तिथे वर्ग भरलेले असतात. पगार नाही, पण फीही नाही. राहायचं एका शिक्षिकेच्या घरी. मी तिला एकच कागद मागवायला सांगितला : जिथे उभी राहणार त्या शाळेचं पत्र. इयत्ता कोणती, रोज किती तास, कुणाच्या हाताखाली, राहणार कुठे. चार दिवसांत व्यवस्थापन समितीच्या शिक्क्याचं पत्र आलं. (काठमांडूत एका अनाथालयात शिकवायचीही चौकशी तिनं केली होती. तिकडे मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. आईबाप जिवंत असलेली मुलं खेड्यांतून आणून, परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी अनाथालयात ठेवल्याचे प्रकार नेपाळमध्ये उघड झाले आहेत. चार आठवडे लळा लावून निघून जाणारी ताई त्या मुलांना नकोच.)

राहिला इंग्रजीचा प्रश्न. त्यावर बोलून उपयोग नव्हता. जायच्या आधी बारा दिवस तिनं हॉस्टेलमागच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना संध्याकाळी तासभर शिकवावं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी तिनं ‘नाउन म्हणजे काय’ हे चाळीस मिनिटं समजावलं. सुरुवातीला सात मुलं होती, शेवटी दोन उरली, त्यातलं एक झोपलेलं. दुसऱ्या दिवशी तणतणत आली. “मॅडम, माझा उच्चार कुणी ऐकलासुद्धा नाही!” हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं तिथल्याच वस्तू घेतल्या. वीट, दोर, बादली, शिडी. ‘व्हॉट इज धिस?’ मग एका मुलानं घमेलं उचलून तिच्यासमोर धरलं. घमेल्याला इंग्रजीत काय म्हणतात? तिला येईना. तिनं तिथूनच मला फोन लावला, मलाही येईना. “मलाही माहीत नाही, शोधू या,” असं म्हणून तिनं मुलांसमोरच मोबाइल उघडला आणि सगळी पोरं त्या स्क्रीनवर वाकली. तो वर्ग तासाऐवजी दीड तास चालला. ‘माझं इंग्रजी पुरेल का’ असं जे विचारतात त्यांना मी हल्ली हीच कसोटी सांगते. तुमच्या विषयातली एक सोपी गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून बघा, आणि मूल जे विचारेल ते येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणून बघा. दुसरं जास्त अवघड आहे.

मग वडील भेटायला आले. ड्युटी संपवून थेट, खाकी गणवेशातच. खिशातून चौपदरी घडीचा कागद काढला, त्यावर प्रश्न लिहिलेले. शाळेपासून घर किती लांब? रस्त्यात गाडी बंद पडली तर पुढची किती वाजता? पाऊस कधी लागतो? मला वाटलं होतं, ‘मुलीला एकटीला कसं पाठवायचं’ यावर अर्धा तास जाईल. तो विषयच त्यांनी काढला नाही. म्हणाले, “मॅडम, मी मुक्कामी गाडीवर पंचवीस वर्षं काढली. अनोळखी गावात पहिली रात्र जड जाते, बाकी काही नसतं. पहिल्या रात्री एक दार माहीत पाहिजे.” रजा टाकून ते तिच्याबरोबर जाणार, पहिली रात्र त्या शिक्षिकेच्या घरी थांबणार आणि सकाळच्या गाडीनं परत फिरणार, असं त्यांनीच ठरवलं. मी मनातल्या मनात ‘स्वावलंबन’ वगैरे शब्द जुळवत होते. ते गिळले. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते.

निघायच्या आधी एक गोंधळ झालाच. नेपाळला आधार कार्ड चालतं अशी तिची ठाम समजूत. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं; तिच्या वयाला नुसतं आधार चालत नाही. ती रस्त्यानं जाणार होती, तरी म्हटलं, जोखीम नको. नशिबानं त्याच वर्षी 7 मे ला तिनं गावी लोकसभेचं पहिलं मतदान केलं होतं, त्यामुळे कार्ड ताजं होतं. पैशांचं वडिलांना माहीत होतं : तिकडे तेव्हा शंभरपर्यंतच्याच भारतीय नोटा चालत, म्हणून शंभरांची गड्डी. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा भाव ठरलेलाच. पुण्याहून गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा, मग बुटवल आणि घाटानं वर तानसेन. मे महिन्याच्या मध्याला दोघं पोहोचली. तिनं पाठवलेला पहिला फोटो फळ्याचा होता, त्यावर तिथल्या विक्रम संवताचं साल आणि महिना : ‘2081 जेठ’. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, मी 57 वर्षं पुढे आले.’

तिकडे तेव्हा सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा. त्यामुळे ती शनिवारी फोन करायची, आणि तिचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असल्यानं फोन नेहमी ठरल्या वेळेआधी वाजायचा, मी कुणाशी तरी बोलत असताना.

पहिल्या शनिवारी ती नुसती बोलत सुटली. सहावीचा वर्ग, 38 मुलं. नेपाळीत ‘श’ लिहितात पण बोलताना बहुतेक जण ‘स’ म्हणतात, त्यामुळे ‘शी इज माय सिस्टर’चं ‘सी इज माय सिस्टर’ होतं. तिनं काय करावं? नाक मुठीत धरलं, तोंड वाकडं केलं आणि आपल्याकडे घाण दिसल्यावर म्हणतात तसं म्हटलं, “शी!” सगळ्या वर्गानं नाकं धरली. “पण मॅडम, आता बहिणीचं नाव घेताना पण नाक धरतात.” इंग्रजी जिच्या घरात जन्मापासून आहे, तिला हे सुचलं असतं का, मला शंका आहे. परक्या आवाजाशी झटापट केलेल्यालाच दुसऱ्याची जीभ कुठे अडते ते दिसतं.

दुसऱ्या शनिवारी आवाज पडलेला. फळ्यावर ‘ग्रामर’ लिहिताना शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मिस, स्पेलिङ मिलेन.” म्हणजे स्पेलिंग जुळलं नाही. तिथले इंग्रजीचे सर मागच्या बाकावर बसलेले.

“हसले?” मी विचारलं.

“दोघं हसले.”

“मग?”

“मग मी पुसून नीट लिहिलं. मग घंटा झाली.”

त्या रात्री ती जेवली नव्हती. घरातल्या बाईंनी डाळभात झाकून ठेवला होता, तो सकाळी खाल्ला आणि शाळेत गेली. मी काही समजावलं नाही. जी गोष्ट घडू नये म्हणून ती अकरा ‘च’ घेऊन माझ्याकडे आली होती ती घडली होती, आणि नंतर घंटा झाली होती.

आता खरं सांगायचं तर चार आठवड्यांत त्या मुलांचं इंग्रजी फार काही सुधारलं नाही. अशा फेऱ्यांबद्दल जी भारावलेली वर्णनं ऐकू येतात त्यांचा मला जरा कंटाळा येतो. अश्विनी आधी त्या सरांना नावं ठेवत होती, की ते प्रत्येक वाक्याचं नेपाळी करून सांगतात. तिसऱ्या आठवड्यात तिनं त्यांनाच विचारलं, मी गेल्यावर तुम्हाला काय उपयोगी पडेल? ते म्हणाले, उच्चार. मग दोघांनी बसून साठ कार्डं केली, वर इंग्रजी शब्द, खाली देवनागरीत उच्चार. लिपी एकच, त्यामुळे काम झपाट्यानं झालं. ‘श’वर मात्र वाद झाला. सर म्हणत, लिहितो ना आम्ही श! ती म्हणे, लिहिता, म्हणत नाही.

पाऊस लागायच्या आत ती परतली. जूनच्या अखेरीला भेटायला आली तेव्हा वडील बरोबर होते, साप्ताहिक सुट्टी होती म्हणून डोक्याला तिनं आणलेली पाल्पाची ढाका टोपी. कागद भरायला घेतला तर ‘कशासाठी आलात?’ ही ओळ तिनं मोकळीच सोडली. पुढच्या उन्हाळ्यात परत जायचं का, यावर बापलेकीचं अजून ठरलेलं नाही, टी.वाय.ची परीक्षा आहे, बी.एड.चं बघायचं आहे. हेडसरांनी मात्र गणितासाठी कुणी आहे का म्हणून विचारलंय. तिच्या रूममेटचं गणित चांगलं आहे. मतदार ओळखपत्र काढायचं राहिलंय तिचं.