जामीन, जमीन आणि न कळलेला होकार

वाचकांचे प्रश्न : फौजदारी वकिली आणि मानसिक आजार

प्रश्न : मी गेली सात वर्षे फौजदारी प्रकरणांत आरोपींच्या बाजूने वकिली करते. मानसिक आजार असलेल्या पक्षकारांची बाजू कशी मांडावी, यावर आमच्या वकील संघाने दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरवले असून त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. पहिला मसुदा लिहून झाल्यावर लक्षात आले की त्यात आजारांची नावे, लक्षणे आणि कलमे यांपलीकडे काहीच नाही. एका मनोविकारतज्ज्ञांचे आणि एका निवृत्त न्यायाधीशांचे व्याख्यान ऐकून वकिलांच्या कामात फरक पडेल का, अशी शंका येते. प्रशिक्षणात नेमके काय असावे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. चार आजारांची लक्षणे पाठ झाली की वकील निदान करू लागतो आणि ते त्याचे काम नाही. आपले बोलणे समोरच्या माणसापर्यंत पोहोचले की नाही हे ओळखणे आणि पोहोचले नसेल तर आपली बोलण्याची रीत बदलणे, हे त्याने शिकायचे आहे.

हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात किरकोळ चोरीच्या आरोपातला विशीतला एक मुलगा माझा पक्षकार होता. तुरुंगातल्या भेटीत मी त्याला आरोप समजावून सांगितला आणि ‘समजलं का?’ असे विचारले; तो ‘हो’ म्हणाला. जामिनाचा अर्ज करू का, असे विचारताच मात्र तो जोरजोराने मान हलवू लागला आणि रडू लागला. मी त्याला हट्टी ठरवून मोकळा झालो. तिसऱ्या भेटीत ‘जामीन म्हणजे काय, ते तूच मला सांग’ असे म्हणालो, तेव्हा उलगडा झाला : तो ‘जमीन’ समजत होता आणि आपण हो म्हटले तर घरच्यांची जमीन जाईल, या भीतीने नकार देत होता. त्याला बौद्धिक अक्षमता होती. शाळेच्या जुन्या कागदांत तशी नोंदही होती. मी ते कागद मागितलेच नव्हते. मधले आठवडे तो आत राहिला, तो मी वेळेवर न विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

म्हणून पहिल्या दिवसाचा मोठा भाग मुलाखतीच्या सरावासाठी ठेवा. एकाने वकील व्हावे, एकाने पक्षकार व्हावे आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायला पूर्ण बंदी असावी. त्याऐवजी, सांगितलेली गोष्ट पक्षकाराने स्वतःच्या शब्दांत परत सांगावी, असे म्हणायची सवय लावा. एका वाक्यात एकच मुद्दा, एका भेटीत दोनतीनच निर्णय, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसणे, हे सारे ऐकायला सोपे आणि करायला फार अवघड आहे, कारण आम्हा वकिलांना शांतता सहन होत नाही. भेटीत कोण कुठे बसले आहे, याकडेही लक्ष द्यायला शिकवा : ज्याला सतत पाळतीचा संशय येतो, त्याची पाठ दाराकडे असली तर तो तुमचे शब्द ऐकत नसतो, मागची चाहूल घेत असतो.

कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, यावर बहुतेक वकील अडखळतात. त्याच्याशी वाद घालू नये आणि त्याच्या होला होही मिळवू नये. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्याचा त्रास होतो आहे हे मला दिसतंय, आपण थोडं थांबू या का?’ एवढे वाक्य पुरते. असे आवाज ऐकू येणे कसे असते हे कळावे म्हणून काही प्रशिक्षणांत इअरफोनमधून कुजबुज ऐकवत वकिलाला एखादा अर्ज भरायला लावतात. हा प्रयोग जरूर करा. मात्र तो तेवढ्यावर सोडला तर मनात केवळ भीती उरते, असे मला वाटते. त्यानंतर लगेच, अशा आजारासह जगणाऱ्या आणि स्वतः आरोपी म्हणून न्यायालयात उभ्या राहिलेल्या व्यक्तीशी, तिची तयारी असेल तर, तासभर मोकळे बोलणे व्हायला हवे. तुमच्या मसुद्यात अशी एकही व्यक्ती नाही आणि ती उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

कायद्याच्या भागात काळाचा भेद पक्का करून घ्या, कारण इथे अनुभवी वकीलही गल्लत करतात. गुन्हा घडला त्या क्षणी मनाची स्थिती काय होती, हा एक प्रश्न. 1843 मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली आणि तो वेडाच्या कारणावरून निर्दोष सुटला. त्यावर उठलेल्या वादळानंतर न्यायाधीशांनी घालून दिलेला नियम, म्हणजे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमता नसणे, आजही अनेक देशांच्या कायद्यांत दिसतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्येही गाभा तोच आहे. दुसरा प्रश्न आजचा : हा माणूस खटल्याला सामोरा जाऊ शकतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये डस्की खटल्यात याची कसोटी सांगितली, ती अशी की आरोपीला वकिलाशी समंजसपणे सल्लामसलत करता आली पाहिजे आणि कारवाईचे तथ्य व अर्थ दोन्ही कळले पाहिजेत. तिसरा प्रश्न शिक्षेच्या वेळचा, जिथे आजार हा शिक्षा सौम्य करण्याचा आधार ठरू शकतो.

वेडाचा बचाव प्रत्यक्षात क्वचित घेतला जातो, तरी प्रशिक्षणाचा निम्मा वेळ त्याच्यावरच जातो. खरे काम जामिनाच्या अटी पाळता येतील का, पोलिसांपुढचा जबाब स्वेच्छेचा होता का आणि शिक्षेच्या वेळी काय मांडावे, यांत असते. तज्ज्ञाकडे पाठवतानाही ‘आरोपीची मानसिक तपासणी व्हावी’ असे मोघम लिहू नये. तीन काळांपैकी कोणत्या काळाबद्दल, कोणत्या क्षमतेबद्दल मत हवे आहे, ते लिहायचा सराव करून घ्या. आणि एक धोका ठळकपणे सांगा. पक्षकार खटल्यासाठी अक्षम आहे असा मुद्दा काढला की कधी कधी तो मूळ गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षाही जास्त काळ कोंडून राहतो. अमेरिकेतल्या 1972 च्या जॅक्सन विरुद्ध इंडियाना खटल्यात ऐकू-बोलू न शकणारा, बौद्धिक अक्षमता असलेला एक माणूस किरकोळ रकमेच्या जबरी चोरीच्या आरोपांवरून अनिश्चित काळासाठी अडकला होता. केवळ अक्षमतेच्या कारणावरून असे बेमुदत डांबता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

न्यायालयातल्या वागण्याबद्दलही थोडे सांगा. मनोविकारांवरील काही औषधांनी चेहरा निर्विकार होतो, हातपाय ताठरतात किंवा एका जागी बसवत नाही. पिंजऱ्यात सतत पाय हलवणारा आरोपी न्यायाधीशांना बेफिकीर वाटतो. तो आदल्या रात्रीच्या गोळीचा परिणाम आहे, हे वकिलाने योग्य वेळी सांगितले पाहिजे. अर्थात पक्षकाराची संमती घेऊनच.

प्रश्न : माझ्या पक्षकाराला स्किझोफ्रेनिया आहे. वेडाचा बचाव घ्यावा असा त्याच्या भावाचा आग्रह आहे, पण पक्षकार म्हणतो, ‘मला वेडा म्हणू नका, मी ते केलंच नाही.’ वकिलीचे पैसे भाऊ देतो. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : पक्षकाराचे. आजार आहे एवढ्यावरून माणसाचा निर्णयाचा हक्क जात नाही, आणि फी कोण देतो यावरून पक्षकार बदलत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मॅकॉय खटल्यात हेच तत्त्व लावले. तिथे वकिलाने आपल्या अशिलाचा जीव वाचावा म्हणून, त्याचा स्पष्ट विरोध असताना, खून त्यानेच केल्याचे ज्युरीपुढे मान्य केले होते. हेतू चांगला होता, तरी न्यायालयाने नव्याने खटला चालवायला सांगितले.

तुमच्यापुढचा कठीण प्रश्न वेगळा आहे : त्याचा नकार समजून घेऊन दिलेला आहे, की आजारातल्या भ्रमातून आलेला आहे? एका भेटीत हे कळणार नाही. वेगवेगळ्या दिवशी, तो औषध वेळेवर घेत असताना, भाऊ खोलीत नसताना विचारा. नातेवाईक समोर बसले की अनेक ठिकाणी वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याची गोपनीयताही धोक्यात येते. त्याचे कारण तुम्हाला पटत नसले तरी ते त्याचे त्याला सुसंगत मांडता येत असेल, तर त्याच कारणावर उभे राहून बचाव करा. मांडता येत नसेल, तर क्षमतेचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. भावाला दार बंद करू नका. औषधे, दवाखान्याची कागदपत्रे आणि आजार कधी बळावला याची माहिती त्याच्याकडेच असते.

प्रश्न : पक्षकाराला नैराश्याचा जुना आजार असल्याचे कळले. हे न्यायालयाला लगेच सांगितले तर सहानुभूती मिळेल ना?

उत्तर : मिळेलच असे नाही. एकदा अभिलेखावर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, आणि ज्या आजाराकडे तुम्ही दयेचे कारण म्हणून पाहता, त्याकडे सरकारी पक्ष ‘हा पुन्हा असे करू शकतो’ या दृष्टीने पाहू शकतो. आजार जामिनाला, जबाबाच्या विश्वासार्हतेला किंवा शिक्षेला थेट लागू पडतो का, ते आधी तपासा. मग कागद पुढे ठेवून पक्षकाराला सांगा : हे मी न्यायाधीशांना दाखवू शकतो, दाखवले तर सुनावणी चालू असताना इतरही ते ऐकतील, फायदा हा होईल, नुकसान हे होऊ शकते. आणि त्याने काय ऐकले, ते त्याच्या शब्दांत परत ऐकल्याशिवाय त्याची संमती घेऊ नका.